मॉर्गों की क्रोझ-एर्मिताज?

फ्रान्समधल्या ल्योंमध्ये राहणाऱ्याला या दोन लाल वाईनमधला हा प्रश्न पडतोच. उत्तरेला मॉर्गोंचा बोजोले प्रांत, दक्षिणेला क्रोझचं रोनचं खोरं, आणि दुकानात दोन्हीकडच्या बाटल्या शेजारीशेजारी, किमतीही उन्नीस-बीस. ल्योंला तीन नद्या आहेत असं इथले लोक गमतीने म्हणतात: रोन, सोन आणि बोजोले. म्हणजे गावाचा कल कळलाच.

बोजोले म्हटलं की बहुतेकांना नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी ती त्याच वर्षीची कोवळी वाईन, नूव्हो, आठवते. मॉर्गों म्हणजे ती नव्हे. द्राक्ष मात्र तेच, गामे. १३९५ साली शेजारच्या बर्गंडी प्रांताच्या ड्यूकने हलक्या प्रतीचं म्हणून हुसकावलेलं. कोत द्यु पी या टेकडीवरची मॉर्गों चार-पाच वर्षं ठेवली, तर ती त्याच बर्गंडीच्या वाईनच्या वळणावर जाते. त्यासाठी इथे ‘मॉर्गोने’ असं क्रियापदच आहे! ताजी असताना पिकलेली चेरी, थोडी जर्दाळूच्या बीची कडवट झाक, आणि तुरटपणा बेताचा.

क्रोझची वाईन सिरा या द्राक्षाची, म्हणजेच शिराझची. नाशिकची शिराझ प्यायला असाल तर द्राक्ष ओळखीचं आहे, पण इथे त्याचा स्वभाव थंड असतो: करवंद, काळे ऑलिव्ह, धूर आणि ठसठशीत काळी मिरी. मिरीचा वास ही नुसती उपमा नाही. मिऱ्यात असतं तेच रोटंडोन नावाचं द्रव्य सिरातही असतं. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एकाला ते हुंगताच येत नाही. आमच्या घरात ती एक व्यक्ती म्हणजे बायको. मी मिरी मिरी करत असतो, ती म्हणते, ‘जांभळं खाल्ल्यावर होते तशी जीभ झालीय, बाकी काही नाही.’

पण माझं खरं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. सिरा मुरताना हवा कमी पडली की गंधकाचा वास धरून बसते. माझ्या हाती आलेल्या क्रोझच्या कितीतरी बाटल्या उघडल्या उघडल्या विझलेल्या काडीसारख्या, एखादी तर चक्क उकडलेल्या अंड्यासारखी. जगमध्ये ओतून तासभर ठेवली की वास जातो, हे मान्य. पण मंगळवारी आठला घरी आल्यावर तो तास आणायचा कुठून? वाईन खुलायची तेव्हा आम्ही भांडी घासत असायचो. माझं नशीबही असेल; बाटली निवडण्यात मी कमी पडलो असेन. मॉर्गों मात्र अर्धा तास फ्रिजमध्ये टाकायची, तेवढ्यात कुकर होतो. शिवाय आमच्या तिखटाशी ती भांडत नाही. क्रोझच्या तुरटपणाने मिरची आणखी झोंबते.

जानेवारीतला रविवार, मटण मंद आचेवर, पाहुणे निवांत: मग क्रोझच घ्या, दुपारीच उघडून ठेवा. फक्त मिरीचा वास कोणाकोणाला येतो, ते आधी विचारून घ्या.