ऑनलाइन भाडेकरार नोंदणी : ठाण्यातील एका घरमालकाचा अभिप्राय

लीव्ह अँड लायसन्स कराराची (ठराविक मुदतीसाठी घर वापरण्याची परवानगी देणाऱ्या भाडेकराराची) ऑनलाइन नोंदणी ही नोंदणी व मुद्रांक विभागाची सेवा बहुतेक घरमालक दुय्यम निबंधक कार्यालयातील रांग टाळण्यासाठी वापरतात. परंतु करारात नाव नसलेली माणसे घरात राहू लागली की तिचे खरे मोल कळते. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सदनिकेचा करार मी याच प्रणालीतून, घरी येणाऱ्या एका एजंटामार्फत नोंदवला. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा यांवर काम बसल्या जागी पूर्ण झाले. मुदतीतील एकूण भाड्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क (परत करायच्या अनामत रकमेवरील वार्षिक 10 टक्के व्याजही त्यात धरतात) आणि महापालिका हद्दीत 1,000 रुपये नोंदणी शुल्क, एवढ्या खर्चात मिळणारे संरक्षण मोठे आहे.

एजंटाचा तयार मसुदा मात्र मला अपुरा वाटला. राहणाऱ्यांची नावे त्यात नव्हती, नुसते ‘भाडेकरू व कुटुंबीय’ असे मोघम लिहिले होते. प्रत्येकाचे नाव आणि इतर कोणालाही ठेवण्यास मनाई करणारे स्पष्ट कलम मी आग्रहाने घालून घेतले, आणि पुढे त्याचाच आधार मिळाला. भाडेकरूने मुदत संपण्याच्या सुमारास स्वतः दुसरीकडे बिऱ्हाड हलवून घरात ओळखीच्या तरुणांना ठेवले, आणि ते ‘आम्ही भाडे त्यांना देतो’ असे सांगू लागले.

सोसायटीतील काहींनी कुलूप बदलण्याचा, वीज तोडण्याचा सल्ला दिला. तो मुळीच ऐकू नये. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला, तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली समोरचा सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो, आणि मग मालकी सिद्ध करूनही त्या दाव्यात उपयोग होत नाही.

याउलट महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चे कलम 24 मालकाच्या बाजूने ठाम उभे राहते. मुदत संपूनही घर रिकामे न झाल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांवर निर्णय देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी भाडेकरू करारातील भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई देण्यास बांधील ठरतो. आणि करारानुसार जो लायसेन्सी (राहण्याची परवानगी मिळालेला भाडेकरू) नाही, अशा माणसाचा कोणताही दावा प्राधिकारी विचारात घेत नाही. घुसखोर रहिवाशाच्या ‘आम्हीही भाडे भरतो’ या युक्तिवादाला एवढे नेमके उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडले नाही. वकिलांनी भाडेकरूला पाठवलेल्या नोटिशीत हीच तरतूद मांडली, प्रत सदनिकेच्या पत्त्यावरही दिली, आणि प्रकरण अर्जापर्यंत जाण्याआधी घर रिकामे झाले.

या संरक्षणाला मर्यादा आहे. मुदत शिल्लक असताना कलम 24 चालत नाही. तेव्हा अटीच्या भंगावरून करार रद्द करण्याची नोटीस आणि गरज पडल्यास दिवाणी न्यायालय हाच रस्ता. करार नसताना घुसलेल्या त्रयस्थासाठी पोलिसांत लेखी तक्रार आणि ताब्याचा दावा करावा लागतो. तोंडी व्यवहार करणाऱ्यांनी याच भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम 55 अवश्य वाचावे : नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. सेवेला मी पूर्ण गुण देतो. एजंटाच्या मसुद्यावर मात्र प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये.