कार्टूनला आवाज द्यायच्या नादात ४९,६४० रुपये गेले

घरच्यांनाही पूर्ण आकडा सांगितला नव्हता. पण 'कार्टूनला आवाज द्यायचं काम देतो' हा मला आलेला मेसेज शिरोड्याच्या एका मुलीलाही आल्याचं कळलं आणि डोकंच फिरलं.

मी फोंड्यात एका दुकानाचे हिशेब बघते आणि जत्रेच्या नाटकांत कामं करते. लहान पोराचा आवाज हुबेहूब काढते. नाटकाची क्लिप बघूनच त्या मेसेजवाल्या माणसाने मला गाठलं. 'मॅडम, कार्टूनमधल्या मुलांचे आवाज बहुतेक बायकाच देतात. हिंदी डोरेमॉनचा आवाज सोनल कौशलचा!' यात खोटं काय होतं सांगा? नव्व्याण्णव गोष्टी खऱ्या सांगतात हे लोक.

रजिस्ट्रेशन २,५००. डेमो रील, म्हणजे आवाजाचा नमुना, ११,८००, जीएसटी धरून. आर्टिस्ट कार्ड १५,३४०. शेवटी 'परत मिळणारं' डिपॉझिट २०,०००. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या ११,८०० च्या बिलाने आजही रक्त खवळतं. पत्ता अंधेरीचा आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू! ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा २७, आपल्या गोव्याचा ३०, हे मी झोपेतही सांगेन. दुकानात असलं बिल आलं तर मीच सप्लायरला फोन करून झापते. पण बिलाच्या तळाशी लिहिलं होतं, 'पहिल्या एपिसोडचं मानधन रु. ८,०००'. मग वरचा नंबर कोण बघतो?

आणि टेस्ट! व्हॉट्सॲपवर नुसतं संवादांचं पान, चित्र नाहीच. विचारलं तर म्हणे, मूळ मालिका आहे, आवाज आधी रेकॉर्ड होतो, चित्र मागाहून. तेही खरंच. पण करारात 'मराठी डबिंग' लिहिलेलं. डबिंगला चित्र आधी लागतं हो, पात्राच्या ओठांवर वाक्य बसवायचं असतं. चौदा मिनिटांची फाइल पाठवली आणि चार मिनिटांत 'सिलेक्टेड'. ऐकली कधी?

स्टुडिओ कलाकाराला पैसे देतो, घेत नाही. हे फ्रीजवर चिकटवून ठेवा.

मूर्ख म्हणायचं तर म्हणा. शिक्का, स्टॅम्प पेपर, व्हिडिओ कॉलवर मागे माइक आणि काळा फोम, सगळं होतं. इतकी वर्षं देवळासमोर फुकट नाटकं केली, 'तुमच्या आवाजाला पैसे मिळतील' असं कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, 'पैसे तुम्हीच पाठवलेत ना बाई? मग चोरी कसली?' चोरी कोण म्हणतंय? फसवणूक म्हणतेय मी! अर्जाचा नमुना दिला त्यावर अजून कलम ४२० छापलेलं. जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते ३१८ झालंय, हे मी त्यांना सांगायचं? मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, बँकेचं पत्र आणा. बँक म्हणाली, पिन तुम्ही घातलात, आमची जबाबदारी नाही. पत्र हवं तर पोलिसांकडून मागणी आणा. घ्या! बँकेतली ती पोरगी वर हसून म्हणते, 'आवाज काढून दाखवा ना.'

पैसे गेले की ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, त्याच तासात. रक्कम पुढे सरकायच्या आत अडवली तरच काही हाती लागतं. मला हे ठाण्यात कोणी सांगितलं नाही, आणि तोवर त्याचं खातं रिकामं झालं होतं. यूपीआयवर कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. चॅट डिलीट करू नका, कितीही लाज वाटली तरी.

त्याचा नंबर अजून चालू आहे. आता म्हणे कोंकणी कार्टूनसाठी मुलं हवीत, वय आठ ते चौदा, रजिस्ट्रेशन ३,०००.