काकडीचे बी थेट आळ्यात टोबावे की द्रोणात रोप करावे?

सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, काकडीचे चार-पाच वेल लावायचे म्हटले, की बी थेट आळ्यात टोबावे की आधी रोप करून मग लावावे, यावर घरोघरी दोन मते निघतात. दोन्ही रीती खऱ्या आहेत. आपल्या विदर्भातल्या काळ्या जमिनीत त्यांपैकी कोणती साधेल हे मात्र बहुतेक वेळा महिना ठरवतो, आणि तो विचार न करता घातलेले बी वाया जाते, हे मी स्वतः भोगले आहे.

थेट टोबणीच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काकडीचे मूळ. वांग्या-मिरचीचे रोप उपटून लावले तरी आठवडाभरात सावरते. काकडीचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि ते दुखावले, की रोप जगूनही मागे पडते. आळ्यातच उगवलेल्या वेलाला हा धक्का बसत नाही, म्हणून तो उन्हाचा ताण अधिक सोसतो. फेब्रुवारीच्या मध्यानंतर जमीन पुरेशी तापलेली असते. काकडीच्या बियाला २५ ते ३० अंशांची ऊब मानवते आणि तेवढी मिळाली, तर चार ते सहा दिवसांत कोंब वर येतो. त्या दिवसांत द्रोण किंवा पेले भरण्याचा खटाटोप करण्याचे काहीच कारण नाही. फूटभर खोल आळे करून त्यात घमेलेभर चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, आदल्या दिवशी पाणी देऊन वाफसा (ओल आहे पण चिखल नाही अशी स्थिती) येऊ द्यावा आणि सुमारे दोन सेंटिमीटर खोलीवर तीन बिया आडव्या ठेवाव्यात. तिन्ही उगवल्या, तर सर्वांत अशक्त रोप उपटू नये, कात्रीने बुडाशी कापावे, म्हणजे शेजारच्या दोघांची मुळे हलत नाहीत.

पावसाळ्यात हेच गणित उलटते. एका वर्षी मृगाचा पहिला पाऊस झाला आणि मी उत्साहाने बारा बिया थेट आळ्यांत टोबल्या. दुसऱ्याच दिवशी झड लागली, ती तीन दिवस हटली नाही. काळ्या मातीत पाणी साचून राहिले आणि वर पापुद्रा धरला. आठ दिवसांनी उकरून पाहिले, तर बहुतेक बिया बोटाने दाबताच फुटत होत्या, आत नुसता बुळबुळीत गर होता. जी तीन रोपे वर आली, त्यांपैकी दोन रोपे वाणी नावाच्या बहुपायी किड्यांनी रात्रीत कुरतडली. सोयाबीन-कपाशीच्या कोवळ्या रोपांवर वाणी तुटून पडतात हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. काकडीची कोवळी दले, म्हणजे बियातून निघणारी पहिली दोन पाने, त्यांना तितकीच आवडतात. तेव्हापासून खरिपात मी थेट टोबणी केलेली नाही.

पावसाळ्यासाठी पळसाच्या पानांचे द्रोण मला प्लास्टिकच्या पेल्यांपेक्षा सरस वाटतात. दोन द्रोण एकात एक घालून तळाला काडीने भोक पाडावे, निम्मी माती आणि निम्मे चाळलेले शेणखत भरावे, प्रत्येकात एकच बी ठेवावे आणि द्रोण पडवीत, सकाळचे ऊन लागेल पण पागोळी पडणार नाही अशा जागी मांडावेत. कधीकधी बियाचे टरफल टोपीसारखे दलांवर अडकून राहते. ते नखाने ओढले, तर दले तुटतात. पाण्याचा थेंब सोडून तासाभराने पाहावे, बहुधा ते आपोआप सुटलेले असते. बारा ते पंधरा दिवसांनी दोन खरी पाने आली, की झड उघडलेली पाहून संध्याकाळी रोप द्रोणासकट लावावे. तोवर द्रोणाचे पान मऊ पडलेले असते, तळाशी हलकेच फाडले तरी पुरते आणि मुळाभोवतीची माती सुटत नाही. याहून उशीर केला, तर मुळे द्रोणात गुंडाळली जातात आणि रोप करण्याचा फायदा तिथेच संपतो. लावताना आळ्याऐवजी वीतभर उंच गादीवाफा घ्यावा आणि वेल मांडवावर चढवावा, कारण ओल्या जमिनीला टेकलेले फळ सडते.

उन्हाळी काकडी जरा लवकर हवी असेल, तर जानेवारीच्या अखेरीसही द्रोणच बरे. तेव्हा रात्री जमीन गार असते आणि बी नुसते पडून राहते; द्रोण दिवसा ओट्यावर आणि रात्री चुलीजवळ ठेवता येतात. ही पंधरा दिवसांची आघाडी लहान वाटते, परंतु पेरणीपासून पहिली काकडी निघायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात आणि एप्रिलच्या अखेरीस पारा ४२-४३ वर गेला, की वेलावर नर फुलेच अधिक दिसू लागतात, शिवाय पाण्याचा ताण पडलेल्या वेलाची फळे कडू होतात. वेलाने जे द्यायचे ते त्याआधी द्यावे लागते.

द्रोणांचा तोटाही सांगितला पाहिजे. त्यांत माती थोडी असते, त्यामुळे उघडीप पडली की दोन वेळा पाणी द्यावे लागते. ऐन पेरणीत घरातली सारी माणसे दिवसभर शेतात असतील आणि मागे पाहणारे कोणी नसेल, तर रोपे वाळण्याची भीती खरी आहे. अशा घराने निदान महिनाभर थांबावे आणि पावसाचा जोर ओसरल्यावर उंचवट्यावर थेट टोबणी करावी.

बियाण्याची निवडही याच प्रश्नाला जोडलेली आहे. संकरित बियाण्याच्या लहान पुडीत मोजक्या बिया असतात आणि त्या महाग पडतात, त्यामुळे एकेक बी द्रोणात सांभाळणेच परवडते. गावरान बी घरचे मूठभर असते, आळ्यात तीन टाकून एक कापले तरी जीव हळहळत नाही. घरच्या वापरासाठी माझा कल गावरान किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या हिमांगी, फुले शुभांगी यांसारख्या सुधारित वाणांकडे आहे, कारण त्यांचे बी पुढच्या वर्षी धरता येते; संकरिताचे बी धरले, तर वेल मूळ गुणाचे निघत नाहीत. पुडीतले बी लाल किंवा हिरव्या रंगाचे असेल, तर ते औषध लावलेले असते. ते भिजवू नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत. साधे बी चार-पाच तास कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधले, तर लवकर फुटते.

महालक्ष्म्यांच्या जेवणात घरच्या काकडीची कोशिंबीर हवी असेल, तर कॅलेंडरात तिथी पाहून साठ दिवस मागे मोजावेत आणि त्या दिवशी द्रोण भरावेत, म्हणजे झडीने रोपे खोळंबली तरी दहा दिवस हाताशी राहतात.