जिप्सी किंगला हेडलाइट रिले किट: उजेडाला पैकीच्या पैकी, टेपला शून्य

"टेप ओपन झालीय सर, वॉरंटीत बसत नाही." हेडलाइटच्या वायरिंगचं किट विकणाऱ्याचं, त्याच्याच वायरींना गुंडाळलेल्या टेपबद्दलचं, हे उत्तर परवा फोनवर ऐकलं आणि लिहायला बसलो. उजेडावर मी इतका खूश होतो की एरवी हा अनुभव लिहायचा राहूनच गेला असता.

गाडी २००१ ची जिप्सी किंग, एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली), सॉफ्ट टॉप. आबांनी नवी घेतलेली, आता माझ्याकडे. आम्ही कराडचे, आणि चिपळूणला नात्यातली माणसं, त्यामुळे कुंभार्ली घाट रात्री उतरायची वेळ वरचेवर येते. जिप्सीच्या फोकसबद्दल जिप्सीवाल्यांना काही सांगायला नको. समोर सात इंची दोन गोल काचा आणि आत मेणबत्ती.

बहुतेक जण काय करतात, तर १००/९० वॅटचे बल्ब टाकतात. दोन्ही अप्पर (लांबचा झोत; जवळचा तो डिपर) लावले की सोळा अँपिअरच्या वर करंट, आणि तो सगळा स्टिअरिंगवरच्या कॉम्बी स्विचमधून, म्हणजे लाइटच्या दांडीतून. काही दिवस मजा येते, मग होल्डर वितळतो, वायरी कडक होतात, रिफ्लेक्टरची चमक जाते. शिवाय आरटीओत ते चालत नाहीत. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी नूतनीकरण फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० ची ५,००० झाली होती. एवढे मोजून वर फोकसपायी परत पाठवलेलं मला परवडणारं नाही.

म्हणून बल्ब साधेच ठेवले, ६०/५५ वॅटचे एच४ (एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर दोन्ही), आणि रिले किट घालून वायरिंग बदललं. रिले म्हणजे थोड्याशा करंटवर चालणारा दुसरा स्विच, तो बॅटरीचा करंट जाड वायरीने थेट बल्बला देतो. किट घेण्याआधी इंजिन चालू ठेवून, लाइट लावून मल्टिमीटरने मोजलं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, बल्बच्या पायांवर १२.३. मधले जवळजवळ दोन व्होल्ट जुन्या वायरीत, स्विचच्या काळवंडलेल्या काँटॅक्टमध्ये आणि गंजक्या अर्थमध्ये (बॉडीला जोडलेल्या मायनसमध्ये) गडप. किट बसवल्यावर बल्बवर १३.८ आले. आकडा दिसायला किरकोळ आहे, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. हिशेब केलात तर तोच बल्ब जवळपास दीडपट उजेड देतो, आणि डोळ्यांनाही तसंच दिसतं. एच४ चा कागदावरचा उजेड, म्हणजे अप्परला १६५० आणि डिपरला १००० ल्युमेन, हा १३.२ व्होल्टला मोजलेला असतो. म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्या बल्बचा पूर्ण उजेड कधी पाहिलेलाच नव्हता. बल्ब आता थोडे लवकर जातील, तेवढं चालेल.

ज्यांना कॉम्बी स्विच जपायचाय त्यांनी तर हे कराच. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, अर्ध्या अँपिअरच्याही आत. पूर्वी घाट उतरेपर्यंत दांडी कोमट लागायची, ती आता गार असते.

आता भांडण.

किटच्या खोक्यावर 'सर्व गाड्यांसाठी' असं छापलंय. बसवायला आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. किट जोडलं की फ्यूज खल्लास. दुसरा टाकला, तोही गेला. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, तुमचा कॉम्बी स्विच शॉर्ट झालाय, नवा टाकायला लागंल." सकाळपर्यंत धडधाकट असलेला स्विच किट जोडताच कसा शॉर्ट होईल? मी म्हटलं, "मिस्त्री, स्विचला हात लावू नका, जुना प्लग परत बल्बला लावून बघा." लावला, लाइट लागले. तरी त्याचं म्हणणं तेच.

घरी आणून टेस्टलॅम्प घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. बऱ्याच गाड्यांत बल्बचा कॉमन पाय (अप्पर आणि डिपर दोन्हींचा मिळून एक) अर्थला असतो आणि स्विच प्लस पाठवतो. जिप्सीत उलटं आहे: कॉमन पायाला प्लस, आणि स्विच डिपर किंवा अप्परच्या वायरीला अर्थ देतो. रिलेच्या कॉइलला प्लस-मायनसचं सोयरसुतक नसतं, त्यामुळे खरं तर कुठलंही रिले किट जिप्सीला चालायला हवं. पण या किटवाल्याने प्लगच्या कॉमन पायाची काळी वायर, दोन्ही रिलेंचे ८५ नंबरचे पाय (कॉइलचं एक टोक) आणि बल्बचे अर्थ अशा सगळ्यांची एकच मोळी बांधून ती बॉडीच्या थिंबलला (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीला) जोडलेली. जिप्सीत त्या काळ्या वायरीत प्लस येतो आणि थेट बॉडीत जातो. फ्यूज दुसरं काय करणार? प्लगची काळी वायर आणि दोन्ही ८५ त्या मोळीतून सोडवून फक्त एकमेकांना जोडले, बल्बचे अर्थ बॉडीवर राहू दिले, झालं. सोल्डरचा डाग देऊन, स्लीव्ह चढवून अर्ध्या तासाचं काम.

यासाठी थिंबलजवळची वीतभर टेप मला सोडावी लागली. फक्त तेवढीच. हे लक्षात ठेवा.

पावसाळ्याआधी मला कोणी विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते. होल्डर सिरॅमिकचे, लाल वायर जाड, रिले तीस अँपिअरचे, आणि सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे मूळ वायरिंग कुठेही कापावं लागत नाही. किट मेलं तर जुना प्लग बल्बला लावायचा आणि घरी यायचं. आबांनी बसल्या बसल्या "आता गाडी दिसायला लागली" असं म्हटलं. गाडीवर केलेल्या खर्चाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा एकमेव बरा शब्द.

पण टेप! उन्हाळ्यात बोनेट उघडलं तर बोटांना काळा चिकटा. किटला गुंडाळलेली ती चकचकीत पीव्हीसी टेप उष्णतेने सुटून गोगलगायीसारखी सरकत चाललेली. खालचा डिंक वायरीवर राहतो, त्यावर धूळ, त्यावर पाचोळा. रॉकेलने पुसला, तर दोन दिवसांनी शेजारचा फूटभर सुटला. इंजिनजवळ कापडी टेप वापरतात हे गॅरेजमधल्या पोऱ्यालाही माहीत असतं. कापडी टेपचा रोल किती महाग असतो? साडेनऊशेच्या किटमध्ये वीस-पंचवीस रुपये वाचवायला माणूस इतका खालच्या थराला जातो? माझी बायको म्हणते की मी रस्त्यापेक्षा टेपकडे जास्त बघतो. असेल.

आणि ही टेप नुसती घाण करत नाही. रिलेच्या तोंडाशी ती सुटली आणि तिथे पाण्याला वाट झाली. त्यात किटच्या वायरी इतक्या आखूड की रिले पाय वर करूनच बसतात. नियम साधा आहे: रिलेचे पाय खाली हवेत, म्हणजे पाणी निथळतं. यांच्यात साचतं.

जुलैत कोयनानगर सोडून हेळवाकच्या पुढे आलो, पाऊस आणि धुकं, आणि डिपर गेला. दोन्ही बाजूंचा एकदम, म्हणजे बल्ब नव्हे, रिले. अशा धुक्यात अप्परचा काही उपयोग नाही, उजेड भिंतीवर आपटल्यासारखा परत डोळ्यांत येतो. दोन्ही रिले सारखेच असतात, म्हणून अप्परचा काढून डिपरच्या जागी खोचला आणि अप्परशिवाय घाट उतरलो. गेलेला रिले उघडला तर आत हिरवट गंज.

वॉरंटी एक वर्षाची. फोटो पाठवले. उत्तर वर दिलंच आहे. मी म्हटलं, "अहो, ती टेप मी नाही सोडली, तुमच्या टेपने स्वतःहून राजीनामा दिलाय." तो म्हणे, "छेडछाड दिसतेय सर." छेडछाड थिंबलकडे, गंज रिलेकडे, मध्ये चार फुटांचं अंतर. पण टेप ती टेप.

आता नवे रिले पाणी न शिरणाऱ्या जातीचे घेतलेत, वायरी वाढवून पाय खाली केलेत, सगळ्याला नळी आणि वर कापडी टेप.

   

मावसभावाने त्याच्या जिप्सीला सात इंची एलईडी फोकस आणले, परदेशी जीपसाठीचे. कॉमनला मायनस धरून बनवलेले, त्यामुळे आधी पेटेचनात. उलटसुलट करणारा ॲडॉप्टर लावून पेटवले, तर डिपरचा उजेड उजवीकडे चढतो, कारण ते रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशासाठी आहेत. आपल्याकडे तो डावीकडे, रस्त्याच्या कडेवर चढायला हवा. समोरचे सगळे त्याला अप्पर मारतात आणि हा चिडतो. बुलेट, पद्मिनी, अँबॅसिडर, जुनी जीप, सगळ्यांना हीच सात इंची काच, तेव्हा घेताना तेवढं बघा. मी माझ्या जुन्या काचा आणि रिफ्लेक्टर बदलून साधे देशी काचेचे घेतलेत, आणि झोत भिंतीवर बघून फोकस पुन्हा खाली वळवलेत. उजेड वाढल्यावर हे करावंच लागतं, नाहीतर समोरच्याच्या शिव्या.

मार्क: पाचपैकी अडीच. उजेडाचे पाच, टेपचे शून्य, सरासरी काढली. हेच काम सुटे भाग आणून करायचं तर दोन चांगले रिले सॉकेटसकट, दोन सिरॅमिक होल्डर, फ्यूज होल्डर, चार चौरस मिलिमीटरची वायर, थिंबल आणि नळी एवढंच लागतं. पैसे किटपेक्षा थोडे जास्तच जातील. धाकट्या भावाच्या बुलेटला किट नको, सुटंच करून देणार आहे. कापडी टेपचा रोल अर्धा उरलाय.