आडत सॉफ्टवेअरसाठी डॉटनेट ४.८ की ८? नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लातूरच्या मोंढ्यात आमचं आडतीचं सॉफ्टवेअर चौदा दुकानांत चालतं. माल आला की वजन, भाव, हमाली, तोलाई टाकायची आणि हिशोबपट्टी छापायची. प्रोग्रॅम सीशार्प भाषेतला, विंडोज फॉर्म्सवर (विंडोजचे पडदे-बटणं बनवायची सोय). तो चालायला मशीनवर मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट लागतं; ४.८ ही त्याच्या जुन्या 'फ्रेमवर्क' शाखेतली आवृत्ती, ८ ही नव्या शाखेतली. गेल्या जूनपर्यंत त्याचं टार्गेट, म्हणजे ज्या आवृत्तीसाठी तो तयार केला ती, डॉटनेट फ्रेमवर्क ४.५ होतं. सुरुवातीला प्रोजेक्ट उघडताना तेच निवडलेलं होतं, पुढे कुणी हात लावला नाही.

हात लावायची वेळ एसएमएसमुळे आली. पट्टी झाली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर रकमेचा मेसेज जातो. मेसेज पाठवणाऱ्या सेवेनं टीएलएस १.० (इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीची जुनी आवृत्ती) बंद केलं आणि एका सकाळी सगळ्या दुकानांतून फोन सुरू झाले. मला वाटलं, मशिनींवर डॉटनेट जुनं असेल. जाऊन पाहतो तर सगळीकडे ४.८ बसलेलं, तरी जोडणी होईना. दोन दिवस यातच गेले. मग कळलं की ४.५ साठी बिल्ड केलेली एक्झी (तयार प्रोग्रॅमची फाइल) ४.८ वर चालवली, तरी रनटाइम, म्हणजे मशीनवरचं डॉटनेट, तिला बऱ्याच बाबतीत जुनीच वागणूक देतं, जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून. टार्गेट ४.७ किंवा त्यापुढचं असेल, तर कोणतं टीएलएस वापरायचं हे आपोआप विंडोजवर सोपवलं जातं. कोडची एक ओळही न बदलता टार्गेट ४.८ केलं, पुन्हा बिल्ड केलं, आणि विंडोज १० च्या मशिनींवर मेसेज सुरू झाले. विंडोज ७ वर टीएलएस १.२ रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगमधून) चालू करावं लागलं, ते वेगळं.

हो, चार दुकानांत अजून विंडोज ७ आहे, २ जीबी रॅमवर. मशीन बदला म्हटलं की मालक म्हणतात, "सीझन जाऊ द्या, मग बघू." ४.८.१ तिथं बसत नाही आणि डॉटनेट ८ ला तिथं पाठिंबा नाही, म्हणजे त्या दुकानांपुरता प्रश्न मिटलाच, ४.८ च. शिवाय व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ (ज्यात कोड लिहितो ते साधन) सोबत ४.५ चा टार्गेटिंग पॅक, म्हणजे त्या आवृत्तीसाठी बिल्ड करायला लागणाऱ्या फाइली, येत नाही, त्यामुळे मी २०१९ लाच अडकून पडलो होतो. टार्गेट ४.८ केल्यावर तीही कटकट गेली.

विंडोज १० च्या दोन दुकानांत मी डॉटनेट ८ लावून पाहिलं. सेल्फ-कंटेन्ड, म्हणजे डॉटनेट सोबत घेऊनच, पब्लिश केलं की दीडशे एमबीच्या आसपासचं फोल्डर होतं. पेनड्राइव्हवरून कॉपी केलं की झालं, मशीनवर वेगळं काही बसवायचं नाही. हे मला मनापासून आवडलं. पण जुन्या खातेदारांची यादी उघडली आणि पोटात गोळा आला. ती नावं युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटात टंकलेली आहेत. कोडमध्ये फाइल 'एन्कोडिंग डॉट डिफॉल्ट'नं, म्हणजे ठरलेल्या अक्षरपद्धतीनं, वाचली जायची. फ्रेमवर्कमध्ये याचा अर्थ विंडोजचं कोडपेज (कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, याचा जुना तक्ता), आमच्याकडे १२५२ क्रमांकाचं. डॉटनेट ८ मध्ये तेच नाव नेहमी यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडची पद्धत, देतं. बिल्ड विनातक्रार झालं, आणि पडद्यावर नावांच्या जागी चौकटीतली प्रश्नचिन्हं. 'सेव्ह' दाबलं असतं, तर मूळ अक्षरं कायमची गेली असती. मी यादीच्या प्रतीवर काम करत होतो, म्हणून निभावलं. पुढे कोडपेजांचा प्रोव्हायडर (जुने तक्ते पुरवणारा भाग) रजिस्टर करून १२५२ नावानं मागितलं, तेव्हा नावं नीट आली. टार्गेट बदलणाऱ्यानं आपल्या कोडमध्ये 'एन्कोडिंग डॉट डिफॉल्ट' आधी शोधावंच.

आता काउंटरचा प्रोग्रॅम सगळीकडे ४.८ वर आहे. मालकांच्या रिपोर्टचा वेगळा प्रोग्रॅम ८ वर. हमाली-तोलाईचा हिशोब डॉटनेट स्टँडर्ड २.० च्या लायब्ररीत (सामायिक कोडच्या वेगळ्या फाइलीत) ठेवला, ती ४.८ आणि ८ दोघांनाही चालते. दर बदलला की एकाच जागी बदलायचा. अख्खा सोयाबीनचा सीझन असा गेला आणि पट्टीच्या हिशोबाची एकही तक्रार आली नाही.

एक बोच राहते. ४.८ हा विंडोजचाच भाग असल्यानं त्याची घाई नाही, पण ८ चा पाठिंबा १० नोव्हेंबर २०२६ ला संपतोय, ऐन सोयाबीनच्या आवकेत. तेव्हा मोंढ्यात कट्ट्यांमधून चालायला वाट नसते. म्हणून रिपोर्टचा प्रोग्रॅम डॉटनेट १० वर न्यायचं काम मी जूनमध्येच काढणार आहे, लोक पेरणीत असतात आणि दुकानं रिकामी असतात तेव्हा.