हीटमॅप पाहून मॉडेल घेऊ नका, मी घेतलं आणि फसलो

हायपरस्पेक्ट्रल प्रतिमांत, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमागे प्रकाशाच्या शेकडो तरंगलांबी नोंदवणाऱ्या प्रतिमांत, लक्ष्य (हवी ती वस्तू) शोधणारं डीप लर्निंग मॉडेल मी विकत घेतलं आणि फसलो. पैसे गेलेच, पण त्याच्या भरवशावर केलेलं पाच महिन्यांचं कामही रद्द करावं लागलं.

‘आमचं मॉडेल ब्लॅक बॉक्स नाही, प्रत्येक निर्णयाचं कारण दाखवतं,’ असा विक्रेत्याचा दावा होता. प्रात्यक्षिकाला त्याने अव्हिरिस या नासाच्या, विमानातून वापरल्या जाणाऱ्या सेन्सरने टिपलेली सॅन दिएगो विमानतळाची प्रतिमा घेतली. या क्षेत्रात ती सगळ्यांच्याच ओळखीची. तिन्ही विमानं लख्ख दिसली. शेजारी, कोणत्या बँडवरून (तरंगलांबीच्या पट्ट्यावरून) ती ओळखली ते रंगांनी सांगणारा हीटमॅप; जितकं लाल, तितकं महत्त्वाचं. अचूकता ९९.५ टक्के! मी तिथेच भुललो. पण १०० बाय १०० च्या प्रतिमेत १०,००० पिक्सेल असतात. त्यात लक्ष्याचे पन्नास धरले, तर ‘कुठेच काही नाही’ म्हणणारं मॉडेलही ९९.५ टक्के बरोबर ठरतं.

आमच्या प्रतिमांवर ते ओल्या मातीलाही लक्ष्य म्हणू लागलं. हीटमॅप उघडला, तर सर्वांत लाल पट्टे १४०० आणि १९०० नॅनोमीटरच्या आसपास. तिथे हवेतली वाफ सूर्यप्रकाश जवळपास गिळून टाकते, हाती उरतो तो बहुतेक गोंगाट. म्हणून ते बँड आधीच वगळतात. विचारलं तर उत्तर आलं, ‘मॉडेलला माणसापेक्षा बारकं दिसतं.’ तेही मी ऐकून घेतलं, याचं आजही वाईट वाटतं.

शेवटी मॉडेलचे शिकलेले वेट्स, म्हणजे प्रशिक्षणातून ठरलेले आतले आकडे, काढून मी तिथे रँडम आकडे भरले. लक्ष्य ओळखणं साफ बंद पडलं, हीटमॅप मात्र जवळपास तसाच! म्हणजे मॉडेल काय शिकलंय याच्याशी त्या चित्राचा संबंधच नव्हता. ही चाचणी २०१८ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. पैसे देण्याआधी ती विक्रेत्याकडून समोर करून घ्या.

शिकवायचे आणि तपासायचे पिक्सेल एकाच प्रतिमेतले, शेजारशेजारचे होते, हेही नंतर कळलं. लक्ष्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला ते किती प्रकाश परावर्तित करतं याची नोंद, तोसुद्धा तिथूनच उचललेला. पेपर फोडून मार्क मिळवावेत तसंच हे. त्यामुळे प्रतिमा तुमची द्या, स्पेक्ट्रम वेगळा मोजलेला द्या आणि शेजारी साधा मॅच्ड फिल्टर (दिलेल्या स्पेक्ट्रमशी जुळणारे पिक्सेल शोधणारी जुनी गणिती पद्धत) चालवून बघा. आमच्या ओल्या मातीवर त्याच्या चुका या मॉडेलपेक्षा कमी निघाल्या.

पैसे परत मागितले, तेव्हा विक्रेत्याने करार पुढे केला. त्यात लिहिलं होतं, ‘प्रत्येक निकालासोबत हीटमॅप दिला जाईल.’ तो खरा असेल, असं कुठेच नव्हतं.