डायलचा लांब नी-ब्रेस: एसीएलच्या ऑपरेशननंतर कितपत कामाचा?

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जोडून धरणारं लिगामेंट (दोरीसारखा पट्टा). त्याच्या ऑपरेशननंतर हा ब्रेस बऱ्याचदा सरसकट दिला जातो. नुसतं एसीएल नवं बसवलं असेल आणि ग्राफ्ट (लिगामेंटच्या जागी बसवलेला तुकडा) पक्का बसला असेल, तर त्याची फारशी गरज नसते. ब्रेसमुळे नवं लिगामेंट पुन्हा फाटायचं टळतं, असं अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. मेनिस्कसला (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला) टाके घातले असतील किंवा बाजूचं लिगामेंटही दुरुस्त केलं असेल, तेव्हा तो खरा उपयोगी. मेनिस्कसच्या टाक्यांसाठी साधारण 4 ते 6 आठवडे गुडघा 90 अंशांपलीकडे वाकू देत नाहीत. नेमका आकडा सर्जनकडूनच घ्यावा.

बांधणी साधी आहे: दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मधे डायलची बिजागरी (गुडघा किती अंश वाकू द्यायचा ते डायलवर ठरवतात), वर-खाली वेल्क्रोचे पट्टे. सगळी मदार बिजागरीच्या जागेवर. तिचा मध्य गुडघ्याच्या वाटीच्या मध्याच्या उंचीला, बाजूने पाहिलं तर किंचित मागे हवा. आधी गुडघ्याच्या लगेच खालचा पट्टा आवळायचा, मग पोटरीचा, मांडीचे शेवटी. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत.

सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे ब्रेस घसरतो. मांडी वर जाड, खाली निमुळती. त्यात ऑपरेशननंतर सूज उतरते, स्नायू झडतो. बिजागरी नडगीवर आली की डायलवरचा 90चा आकडा खोटा ठरतो. नीट बसलेल्या ब्रेसमध्येही मांडीचं मांस दबतं, म्हणून गुडघा डायलपेक्षा काही अंश जास्तच वाकतो. दिवसातून दोन-तीनदा पट्टे सोडून पुन्हा बसवावेत. मांडीचा पट्टा नुसता करकचून आवळल्याने घसरणं थांबत नाही.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, वाटीच्या जरा खाली, हाडाचा उंचवटा लागतो. त्याला वळसा घालून पाऊल उचलणारी नस जाते. पट्टा तिथे रुतला की पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात. पाऊल वर उचलेनासं झालं तर पट्टा लगेच सोडून सर्जनला कळवावं. पोटरी दुखून सुजली, तर पट्टा सैल करून वाट बघत बसू नये. ती रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवावं.

डायल 0वर असली तरी सैल ब्रेसमध्ये गुडघा थोडा वाकलेलाच राहतो. पडल्यावर गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवावा, गुडघ्याखाली कधीच नाही. पूर्ण सरळ न होणारा गुडघा पुढे लंगडायला लावतो, आणि ते दुरुस्त करणं फार जड जातं. ब्रेस सोडायची वेळ साधारण अशी ओळखावी: टाके जपण्याची मुदत संपली आहे आणि झोपून पाय सरळ उचलताना गुडघा जराही वाकत नाही.